डब्ल्यू आणि ए

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर मी पहिलंच "कॉपी काढून का नाही ठेवलीस?" असं विचारलं आणि तू फोन ठेवलास. चुकलंच माझं. साठ मुलांचे मार्क एका फटक्यात गेल्यावर हे विचारायचं नसतं. तुझा सी भाषेतला कोड सकाळी नीट वाचला. रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी पाठवला होतास. त्यावर मी काही बोलणार नाहीये.

फाइल पुसली ती शेवटी नाही, अगदी सुरुवातीला. फाइल उघडणाऱ्या एफओपनला तू "डब्ल्यू", म्हणजे नव्याने लिहायचा मोड दिलास. डब्ल्यूने उघडली की त्याच क्षणी फाइल शून्य बाइटची होते, मग पुढे लिहिणारं एफप्रिंटएफ चालो न चालो. तुझा प्रोग्राम नंतरच्या लूपमध्ये कोसळला. जुनं आधीच गेलं होतं आणि नवं बफरमध्ये, म्हणजे मेमरीतल्या तात्पुरत्या जागेतच राहिलं. एफप्रिंटएफ थेट डिस्कवर लिहीत नाही रे. मजकूर आधी मेमरीत साठतो. बफर भरला, एफफ्लशने ढकलला किंवा एफक्लोजने फाइल बंद केली की मग खाली उतरतो.

नुसती शेवटी भर घालायची तर "ए" मोड. दुरुस्ती करायची तर मूळ फाइल "आर"ने, म्हणजे फक्त वाचायला उघड, सगळं वेगळ्या तात्पुरत्या फाइलमध्ये लिही, एफक्लोजने शून्य दिलं, म्हणजे फाइल नीट बंद झाली का बघ. मग मूळ फाइलला 'मार्क्स डॉट बॅक' असं नाव दे आणि नवीला तिचं नाव. दुसऱ्यांदा चालवताना आधीची बॅक फाइल रिमूव्ह करून घे, कारण विंडोजवर त्या नावाची फाइल असली की रीनेम फसतं.

एफओपनचं उत्तर नल, म्हणजे फाइल उघडलीच नाही असं आलं का, हे तू कुठेच तपासलेलं नाहीस. कुठेच! तीन ओळींचं काम आहे: नल असेल तर पीएररने कारण छाप आणि बाहेर पड. बहुतेक वेळा फाइल असतेच, पण प्रोग्राम भलत्याच फोल्डरमधून चालत असतो. असो, लेक्चर झालं. झोप झाली नसली की असल्याच गोष्टी नजरेतून सुटतात, एवढंच म्हणायचं होतं.

शेवटचा मुलगा यादीत दोनदा येतो म्हणालास, ते फाइल संपली का हे सांगणाऱ्या एफईओएफमुळे. "एफईओएफ नाही तोवर" असा व्हाइल लूप लावलास. पण शेवट आला हे त्याला आधी कळत नाही. एकदा वाचायला जाऊन हात रिकामा आला की मगच कळतं. तोवर जुनीच ओळ पुन्हा छापून होते. त्याऐवजी ओळ वाचणारं एफगेट्सच व्हाइलच्या अटीत घाल, नल आलं की थांब. आणि एफगेट्स ओळीच्या टोकाचं न्यूलाइनही सोबत आणतं, ते काढल्याशिवाय नावं जुळायची नाहीत.

स्ट्रक्चर मात्र छान बांधलंयस. बाबांना दाखवलं, त्यांना काही कळलं नाही, तरी चष्मा लावून दोनदा बघितलं. चौथीत तू मिरजेच्या बसगाड्यांचे नंबर लिहायचास, पानापानावर तारीख घालून. ती वही अजून माळ्यावर आहे. तेव्हा नऊला झोपायचास. बाबांचं जे झालं ते रात्रपाळीनंच झालं असं मी म्हणत नाही. डॉक्टरही म्हणाले नाहीत. पण तू तीन-तीन वाजेपर्यंत जागतोस हे मला ओंक्याकडून कळावं?

पुन्हा तेच. राहू दे.

मार्कांचे कागद सरांकडे असतील, मागून घे. साठ ओळी टाइप करायला फार तर तास जाईल. दिवसा कर.

– आई

ता. क. एकेक अक्षर वाचणाऱ्या एफगेटसीचं उत्तर कॅरॅक्टर प्रकारात घेतलंयस, ते इंट, म्हणजे पूर्णांक कर. ईओएफ, म्हणजे फाइल संपल्याची खूण, ऋण असतो, कॅरॅक्टरमध्ये घेतला की कधी लूप मध्येच थांबतो, कधी थांबतच नाही. डबा ताईबरोबर पाठवलाय, लाडू खालच्या कप्प्यात आहेत.