ताई, नवा संगणक लावून दिलात त्याबद्दल

प्रिय ताई,

स. न. वि. वि.

माझा नवा संगणक आला, त्या संध्याकाळी तुम्ही दोन तास माझ्या शेजारी बसलात, त्याला आता वर्ष होत आलं. तेव्हा मी घाईघाईत "थँक्यू ताई" म्हटलं. पण त्या दोन तासांचं मोल कळायला मधले महिने जावे लागले. हे पत्र चारचौघांत लिहितेय, कारण नवा संगणक समोर ठेवून "आता यात काय काय टाकू?" असं विचारणारे माझ्यासारखे पुष्कळ जण असतात.

मी इकडून तिकडून नावं गोळा करून पंधरा सॉफ्टवेअरची यादी तयार ठेवली होती. तुम्ही ती बाजूला ठेवलीत आणि वही मागितलीत. "गेल्या आठवड्यात संगणकावर काय काय काम केलंस तेवढं लिही." मी लिहिलं: मराठी मजकूर टाइप करणं, पीडीएफमधली मुद्रितं वाचणं, ईमेल, इंटरनेटवर संदर्भ शोधणं, रेकॉर्ड केलेल्या मुलाखती ऐकून उतरवून काढणं. पाच ओळी झाल्या. मग तुम्ही यादीतल्या एकेका नावावर बोट ठेवून विचारत गेलात, "हे यातल्या कुठल्या कामाला?" अकरा नावांना माझ्याकडे उत्तर नव्हतं. पीडीएफ ब्राउझरच उघडतो, झिप फाइल विंडोज स्वतः उघडते, हे मला ठाऊकच नव्हतं.

अँटिव्हायरसवर मात्र मी अडून बसले होते. संगणकाबरोबर आलेला एक चाचणी मुदतीचा अँटिव्हायरस मला काढवेना. तुम्ही शांतपणे समजावलंत, की डिफेंडर हा विंडोजचा स्वतःचा अँटिव्हायरस विंडोज 8 पासून आतच असतो आणि बाहेरचा अँटिव्हायरस चालू असला की डिफेंडर मागे सरतो. मुदत संपलेला अँटिव्हायरस नुसता बसवून ठेवण्यापेक्षा तो काढावा, डिफेंडर चालू झालाय ना ते स्वतः पाहावं आणि विंडोजचे अपडेट कधी टाळू नयेत. जुन्या संगणकावर मी दोन-दोन अँटिव्हायरस ठेवले होते आणि तो का रखडतो म्हणून वर्षभर त्रासले होते.

त्या जुन्या संगणकाची दुसरी दुखरी आठवणही मी तुम्हाला सांगितली होती. एका प्रोग्रामचं नाव शोधलं, वरच दिसलेलं मोठं हिरवं 'डाउनलोड' बटण दाबलं. ती जाहिरात होती. ब्राउझरचं मुखपृष्ठ बदललं, न मागितलेले तीन प्रोग्राम येऊन बसले. म्हणून त्या संध्याकाळी इन्स्टॉल करताना मी सवयीनं 'नेक्स्ट, नेक्स्ट' करत निघाले, तेव्हा तुम्ही माझ्या हातावर हात ठेवलात. "थांब. हे पान वाच." न मागितलेला प्रोग्राम टाकायला होकार देणारा, आधीच टिक केलेला एक छोटा चौकोन तिथे होता. तो मीच शोधेपर्यंत तुम्ही बोट दाखवलं नाहीत. आता पत्त्याच्या पट्टीत बनवणाऱ्याचीच वेबसाइट आहे ना, हे पाहिल्याशिवाय मी इंटरनेटवरून काही उतरवून घेत नाही.

शेवटी टाकलं ते थोडकंच. लेखनासाठी लिबरऑफिस. 2010 मध्ये ओपनऑफिसमधून वेगळं झालेलं हे सॉफ्टवेअर मोफत आणि मुक्त आहे. वर्ड वापरणाऱ्यांना फाइल पाठवताना ती वर्डच्या डॉकएक्स प्रकारात जतन करायची आणि मांडणी हलली नाही ना ते एकदा पाहायचं, हेही तुम्ही बजावलंत. मुलाखतींसाठी व्हीएलसी. पॅरिसमधल्या विद्यार्थ्यांच्या प्रकल्पातून निघालेला हा प्लेअर मी आधी फक्त चित्रपटांसाठी वापरायचे. चौकटी कंसाच्या दोन कळांनी आवाजाची गती कमी-जास्त होते, हे तुम्ही दाखवलंत आणि माझे तासन्‌तास वाचले. भराभर बोलणाऱ्यांची मुलाखत आता मी पुन्हा पुन्हा मागे नेत नाही.

मराठीसाठी तर काहीच उतरवून घ्यावं लागलं नाही. विंडोजच्या सेटिंगमध्ये मराठी भाषा जोडलीत, भारतीय भाषांसाठीचा इनस्क्रिप्ट कळफलक आला. जुन्या फाँटमध्ये टाइप केलेला माझा मजकूर ईमेलमधून गेला की समोर अगम्य चिन्हं उमटायची. सगळ्या संगणकांवर अक्षरं सारखीच ओळखणाऱ्या युनिकोडमुळे ते थांबलं. 'दुसऱ्या'मधला ऱ्या मला कधी जमायचा नाही. शिफ्ट धरून जे, मग डी, मग तिरप्या रेघेची कळ, मग काना. चार कळा. तुम्ही तो शब्द माझ्याकडून दहादा टाइप करून घेतलात.

सगळे पासवर्ड एका कुलूपबंद फाइलमध्ये साठवायला कीपास. त्याचा मुख्य पासवर्ड विसरला तर कुणीही उघडून देऊ शकत नाही, म्हणून तो कागदावर लिहून कपाटात ठेवायला लावलात.

आणि मग ते, ज्यासाठी खरं म्हणजे हे पत्र. बाहेरची डिस्क जोडून तुम्ही फाइल हिस्टरी, म्हणजे फाइलींच्या प्रती आपोआप ठेवणारी विंडोजमधली सोय, चालू केलीत. काम झालं असं समजून मी उठायला लागले, तर म्हणालात, "एक फाइल पुसून टाक." मी घाबरले. "पूस, रीसायकल बिनमधूनही काढ. आता परत आण." माझे हात थरथरत होते. फाइल परत आली, तीही माझ्याच हातानं.

चार महिन्यांपूर्वी ऐंशी पानांच्या तपासलेल्या हस्तलिखितावर मी चुकून जुनी प्रत जतन केली. सकाळी मजकूर द्यायचा होता, रात्रीचे अकरा वाजले होते. फाइल हिस्टरी दर तासाला प्रत घेते. दहा वाजताची प्रत सापडली, शेवटची सहा पानं पुन्हा तपासली, सकाळी मजकूर वेळेवर गेला. त्या रात्री तुम्हाला फोन करावासा वाटला, पण उशीर झाला होता. मग रोजच्या कामात ते राहून गेलं.

ताई, मनापासून आभार.

तुमची,
एक मुद्रितशोधक