आई, गुडघ्यांचं जमेल, ढगांचं बघ

रिओ, रविवार रात्र

प्रिय आई,

तू मागच्या फोनवर तीनदा विचारलंस की तो डोंगरावरचा येशूचा पुतळा बघायला किती चढावं लागतं, आणि तिन्ही वेळा मी "अगं होतं सगळं" म्हणून टाळलं, कारण मी स्वतःच गेले नव्हते. पाच महिने इथे राहून! रोज ऑफिसला जाताना बोताफोगो भागातल्या रस्त्यावर मान वर केली की दिसतो ना, म्हणून जाऊ की कधीतरी असंच चाललेलं. आता दोनदा जाऊन आलेय तर नीट लिहिते, बाबांनाही वाचून दाखव.

पहिल्या खेपेला माती खाल्ली. शनिवारचं तिकीट आठवडाभर आधीच ऑनलाइन काढून ठेवलं, मोठी शहाणी, आणि शनिवारी उठून बघते तर डोंगर अर्धा गायब. पैसे भरलेत म्हटल्यावर गेलेच. पुतळा 30 मीटरचा, त्याखाली 8 मीटरचा चौथरा, आणि मला दिसलं काय तर चौथरा नि झग्याची खालची किनार, त्याच्यावर सगळं पांढरंफेक. कितीतरी माणसं माना वर करून उभी, जाईल आता जाईल आता करत पाऊण तास गेला, ढग हलायला तयार नाही, माझे केस ओले झाले आणि मी खाली आले. ऑफिसमधली एक बाई हसून म्हणाली, अगं खालून पुतळा दिसत नसेल तर वर जाऊन कसा दिसेल? एवढं साधं होतं बघ.

म्हणून दुसऱ्या वेळी आधी रस्त्यावर जाऊन बघितलं, पुतळ्याचे दोन्ही हात स्वच्छ दिसले, मग तिकीट काढलं आणि निघाले.

तर चढणं. डोंगराचं नाव कोर्कोवादो, म्हणजे पाठीला कुबड असलेला, आणि उंची 710 मीटर. पायथ्याशी कोस्मे वेल्यो भाग आहे, तिथल्या स्टेशनातून लाल गाडी सुटते, 20 मिनिटांत वर. माथेरानची गाडी कशी वळत वळत जाते, तशी ही नाही गं, ही सरळ चढावर तोंड करून निघते आणि आपण सीटवर मागे रेललेलो. बाबा विचारतील घसरत कशी नाही, तर दोन रुळांच्या मधे शिडीसारखा दातेरी रूळ आहे, त्यात गाडीखालचं दातेरी चाक अडकत अडकत जातं. 1884 ला चालू झाली ही लाइन, तेव्हा ब्राझीलमध्ये राजा होता, दों पेद्रो दुसरा, त्याने उद्घाटन केलं. म्हणजे गाडी आधी आणि पुतळा नंतर, 1931 चा! पुतळ्याचं सामानसुद्धा याच गाडीने वर नेलं. मला उगीचच वाटायचं की पुतळ्यासाठी गाडी केली असेल.

आणि आता ऐक, गाडी जंगलातून जाते आणि बाहेर फणस! एकदोन नाही, खोडाला लगडलेले, रुळाच्या अगदी जवळ. मी शेजारच्या म्हाताऱ्या बाईंना बोट दाखवून "फणस फणस" करतेय, त्या म्हणाल्या "जाका". पोर्तुगीजांनी आपल्याकडूनच आणला म्हणे, आणि हा शब्द पण तिकडचाच, मल्याळममधल्या चक्कावरून. पण इथे जंगलवाले त्याला उपद्रवी झाड समजतात, इथल्या मूळच्या झाडांना जागा उरू देत नाही म्हणून. तुला राग येईल माहितीये.

हे जंगलही मुद्दाम लावलेलं आहे. पूर्वी इथे कॉफीचे मळे होते, त्यासाठी डोंगर इतका बोडका केला की खाली शहरात पाण्याची बोंब झाली, मग 1861 मध्ये सरकारने परत झाडं लावायचं ठरवलं. मेजर आर्चर म्हणून साहेब होता त्याचं नाव सगळीकडे लागतं, प्रत्यक्ष खड्डे खणून रोपं लावली ती गुलाम माणसांनी. आज बघून पटत नाही की हे कधी उजाड होतं.

गाडीतून उतरल्यावर तुझा मुख्य प्रश्न. पूर्वी तिथून फक्त 220 पायऱ्याच होत्या, 2003 पासून लिफ्ट आणि पुढे सरकते जिने आहेत. मी मुद्दाम पायऱ्यांनी गेले, तुला किती जड जाईल बघायला, तर उत्तर असं की पायऱ्यांनी तू जाऊ नकोस आणि लिफ्टने सहज जाशील. फक्त सरकत्या जिन्यावर पाय टाकताना तू जी दोन मिनिटं थांबतेस आणि मागे रांग लागते ती सवय तेवढी सोड. खालच्या पार्के लाजे नावाच्या बागेतून जंगलातली पायवाट पण आहे, एका ठिकाणी साखळी धरून खडक चढायचा असतो, त्या वाटेने एकटं जाऊ नका असं इथले सगळे सांगतात. बाबांना हे वाचून दाखवू नकोस, लगेच बूट घालून निघतील.

वर गर्दी आहे, खोटं कशाला सांगू. सगळ्यांना हात पसरून फोटो हवा, आणि पुतळा पूर्ण यावा म्हणून फोटो काढणारे सरळ जमिनीवर उताणे झोपतात, पाय कुठे ठेवायचा ते बघून चालावं लागतं. जवळ गेल्यावर पुतळा दगडी चौकोनांचा नाही, बारीक बारीक त्रिकोणी तुकड्यांचा दिसतो. आत काँक्रीट आणि वरून शंखजिरं नावाच्या मऊ दगडाचे तुकडे, बायकांनी बसून ते कापडावर चिकटवले आणि काहींनी मागच्या बाजूला नावं लिहिली. ती नावं आतल्या अंगाला, कोणाला दिसणार नाहीत. मी फोटोबिटो सोडून त्याच्याकडेच बघत बसले बराच वेळ. वीज पडते त्याच्यावर, 2014 ला उजव्या हाताचा अंगठा तुटला होता, मग माणसं दोर लावून वर चढली दुरुस्तीला.

येताना गाडीत ढोलकी-गिटारवाले चढले आणि सांबा सुरू, त्या म्हाताऱ्या बाई उभ्या राहून नाचल्या. गाडी उतारावर, हं.

तर ठरलं, जुलै-ऑगस्टमध्ये या. इथे तेव्हा हिवाळा असतो, पाऊस कमी, आकाश मोकळं. शाल आण, वर वारा फार असतो. आणि तिकीट आधी काढायचं नाही, रोज सकाळी चहा झाला की तू खाली रस्त्यावर जायचं, हात दिसले की मला हाक मारायची.

तुझी
मनू