ग्रीनलंडच्या अनुदानाचा हिशेब

महोदय,

ग्रीनलंडवरचे आपल्या अंकातले लेख मी आवर्जून वाचते. त्यांत अमेरिका असते, डेन्मार्क असतो, खनिजे तर असतातच. तिथल्या लोकांचे स्वतःचे सरकार मात्र एका ओळीत उरकले जाते. हे मला खटकते. जेमतेम ५७ हजारांची वस्ती, एका गावाहून दुसऱ्या गावाला जायला रस्ता नाही, तरी १९७९ पासून राजधानी नूकमध्ये त्यांचे निवडून दिलेले सभागृह आहे. आज त्यात ३१ सदस्य आहेत. शाळा, दवाखाने, कर, मासेमारी हे सारे तिथेच ठरते. संरक्षण व परराष्ट्र धोरण डेन्मार्ककडे.

मी दापोली तालुक्यातल्या एका मच्छीमार गावाची सरपंच होते. बंधित निधी पाणी आणि स्वच्छतेवरच खर्चायचा; धक्क्याची पायरी खचली तरी त्यातला रुपया तिकडे वळवता येत नसे. म्हणून डेन्मार्ककडून ग्रीनलंडला मिळणाऱ्या अनुदानाकडे माझे लक्ष गेले. २००९ च्या स्वशासन कायद्याने ते वर्षाला सुमारे ३४४ कोटी डॅनिश क्रोनर ठरले. महागाईप्रमाणे ते वाढते, आणि कशावर खर्चायचे हे नूक ठरवते. अट एकच, पण मोठी: खनिजांचे उत्पन्न साडेसात कोटी क्रोनरच्या वर गेले की वरच्या रकमेच्या निम्म्याइतके अनुदान कापले जाते. २००९ चाच आकडा धरला तरी अनुदान शून्यावर यायला खनिजांतून वर्षाला जवळजवळ ७०० कोटी यावे लागतील. खाणी सुरू झाल्या की लगेच स्वातंत्र्य, हा आपल्या लेखांतला सूर या हिशेबात बसत नाही.

आणि हे लोक कुणाच्या सांगण्यावर चालणारे नाहीत. आपल्या समुद्रातली मासळी कुणी धरायची हे बाहेरच्यांनी ठरवू नये, म्हणून १९८२ मध्ये त्यांनी सार्वमत घेतले आणि १९८५ मध्ये युरोपीय समुदाय (आजचा युरोपीय संघ) सोडला. कोळंबी आणि हॅलिबटवर ज्यांचे पोट आहे, त्यांचा हा निर्णय आमच्या बंदरावर कुणालाही समजावून सांगावा लागणार नाही. स्वातंत्र्याचा निर्णयही ग्रीनलंडच्या जनतेचाच, असे २००९ चा कायदा सांगतो. पुढे वाटाघाटी, सार्वमत आणि डॅनिश संसदेची संमती. मार्च २०२५ च्या निवडणुकीत सर्वाधिक जागा मिळाल्या त्या सबुरीने जाऊ म्हणणाऱ्या डेमोक्राटिट पक्षाला. घाई करणारा नालेराक दुसरा आला.

नूकच्या सभागृहाचा अर्थसंकल्प आणि तिथल्या पक्षांच्या भूमिका यांवर एक सविस्तर लेख छापावा, ही विनंती.

– एक माजी सरपंच, दापोली तालुका, जि. रत्नागिरी