आखाजीच्या (अक्षय तृतीयेच्या) दिवशी मी मुंबईत होते

म्युनिक,
रविवार, रात्रीचे साडेनऊ (तुमच्याकडे एक वाजला असेल)

तीर्थरूप आप्पा आणि आई यांस शिरसाष्टांग नमस्कार. जिजीच्या पाया पडते.

मी मजेत आहे. खोकला गेला. जेवण वेळेवर होतं, वजन उतरलेलं नाही, फोटोत तसं दिसतं एवढंच.

फोनवर धड बोलणं होत नाही म्हणून लिहायला बसले. आप्पा, तुम्ही "बरं आहे ना? बरं," म्हणता आणि फोन आईच्या हातात देता. छोटू फैजपूरला गेला की याची प्रिंट काढून आणेल. जिजीला त्यानेच मोठ्याने वाचून दाखवावं, फक्त दंडाचं जिथे येईल तिथे दोन ओळी गाळाव्यात.

आता मुंबईच्या विमानतळावर काढून मी स्टेटसला ठेवलेल्या त्या फोटोचं. तो स्टेटस मी घरच्यांना दिसणार नाही अशा बेताने ठेवला होता. मावसताईपासून लपवायचं राहून गेलं. तिने तो मोठा करून पाहिला, मागच्या पाटीवरची देवनागरी अक्षरं वाचली आणि संध्याकाळपर्यंत तुमच्या ओट्यावर बातमी पोचली की पोरगी मुंबईत येऊन बसली, विमानात झोपून जाते आणि घरी कळवत नाही.

तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पण एकेक करून सांगते.

बिझनेस क्लासचे पैसे माझे नाहीत. सिंगापूरच्या ज्या कंपनीचं काम आम्ही करतो, तिला माणूस उतरल्या उतरल्या मीटिंगला बसलेला हवा होता, म्हणून तिकीट तिने काढलं. म्युनिक ते मुंबई आठ तास, मधे पाच तास थांबा, पुढे सिंगापूर साडेपाच तास. मार्ग ऑफिसच्या तिकीटवाल्यांनी ठरवला, मला विचारलं नव्हतं. तिकिटाचा आकडा लिहीत नाही. लिहिला तर आप्पा त्यात केळीची किती रोपं येतात ते मोजतील. मी मोजली.

जिजीला विमानातलं ऐकायचं असेल, तर खुर्ची बटणावर पसरते आणि बाजेएवढी सपाट होते. वरून गादी, उशी, पांघरूण. मला झोप आली नाही. आपण मे महिन्यात घराच्या मातीच्या धाब्यावर झोपायचो तेव्हा अंगाखालची माती मध्यरात्रीपर्यंत कोमट असायची, तेवढंच आठवत राहिलं. आत हवा मात्र आपल्या मे महिन्यासारखीच कोरडी. ओठ फुटतात. शिवाय विमानातला दाब सहा ते आठ हजार फुटांच्या डोंगरावर असावा तितकाच ठेवतात, म्हणजे तोरणमाळच्या जवळजवळ दुप्पट उंचीवर बसून जेवल्यासारखं. तिथे जीभ मंदावते, मीठ-साखर कमी लागते. म्हणून विमानातलं जेवण अळणी लागतं. स्वयंपाक्याची सगळीच चूक नसते.

आणि आई, तुझ्या खास काळजीचं. बापूकाका पुढच्या वर्षी अमेरिकेला मुलाकडे जाणार म्हणे, तर त्यांना आत्ताच सांगून ठेव: तिकीट काढताना 'हिंदू मील' असं लिहिलेलं दिसलं की खूश होऊन त्यावर बोट ठेवू नका. त्यात गाईचं मांस नसतं एवढंच, कोंबडी, मासे, मटण असू शकतं. माळकऱ्याने 'एशियन व्हेजिटेरियन' मागायचं, आणि तेही निदान एक दिवस आधी. मी पहिल्या खेपेला ही चूक केली होती. झाकण उघडलं, परत लावलं आणि दाण्याच्या लाडवांवर निभावलं. लाडू तुझेच.

लाउंज म्हणजे भुसावळ स्टेशनवरची वरच्या वर्गाची वेटिंग रूम समजा, फक्त आत ताट वाढलेलं आणि अंघोळीची सोय. बिझनेसचं तिकीट असलं की पैसे पडत नाहीत. मुंबईत तर क्रेडिट कार्ड दाखवून येणारेच जास्त, दाराशी त्यांची रांग. जर्मनीतल्या लाउंजमध्ये कुणी ताट भरून घेत नाही. दोन घास घेतात, खिडकीशी बसतात, परत उठून दोन घास आणतात. मुंबईत तसं नव्हतं, माणसं पंगतीला बसल्यासारखी जेवत होती आणि मला बरं वाटलं. मिसळ होती. वर शेव होती, आपल्याकडची तिखट नव्हे, पिवळी, पोरांना देतात तशी. मी दोनदा घेतली.

आता इथल्या जाण्यायेण्याचं. आईचा प्रश्न असतो, रात्री एकटी कशी येतेस. गाडीने येते. स्टेशनपासून घर सात मिनिटं, रस्त्यावर दिवे असतात आणि साडेअकराला पण म्हाताऱ्या बाया कुत्रं घेऊन फिरताना दिसतात. तुझ्या बहिणीने टीव्हीवर काय पाहिलं ते मला माहीत नाही, पण माझ्या गल्लीत तसं काही नाही. विमानतळाच्या गाडीचं मात्र एक ध्यानात ठेवावं लागतं. एस-वन नावाची लोकल नॉयफार्न स्टेशनात तुटते. पुढचे डबे फ्रायझिंग गावाला जातात, मागचे विमानतळाला. पूर्वी भुसावळला गाडीचे डबे तोडून दुसऱ्या गाडीला जोडायचे असं आप्पा सांगतात ना, तसंच. पुढे बसलेला माणूस बॅगा घेऊन फलाटावरून मागे पळताना दर खेपेला दिसतो. एकदा तो माणूस मी होते.

पण मला सांगायचं आहे ते तिकिटाचं, कारण दोन वर्षं झाली तरी मला ते पचलेलं नाही. इथे स्टेशनला दार नाही. म्हणजे खरंच नाही. रस्त्यावरून जिना उतरायचा, फलाट, गाडी आली, बसा. तिकीट तपासणारा फाटकाशी उभा नाही, सरकणारी दांडी नाही, काही नाही. तुम्ही म्हणाल मग तिकीट काढतं कोण? सगळे काढतात! शाळेतली पोरं काढतात. कुत्र्याचं तिकीट लागेल का, असं विचारणारा माणूस मी डोळ्यांनी पाहिला. आणि नुसतं काढून भागत नाही. कागदी तिकीट असेल तर फलाटावर जाण्याआधी एक छोटी पेटी असते, तिच्या फटीत ते सरकवायचं, ती 'टक' असा शिक्का मारते. त्यावर वेळ उमटते. शिक्का नसलेलं तिकीट म्हणजे तिकीट नाहीच, कारण ते तुम्ही उद्याही वापरू शकाल. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. सांगणार कोण, इथल्यांना ते लहानपणापासून ठाऊक, त्यांना वाटतं सगळ्या जगाला ठाऊक.

(छोटू, इथून गाळ.) पहिल्याच महिन्यात जीन्स घातलेल्या, कानात वायर अडकवलेल्या एका पोराने समोरच्या बाकावरून उठून मला कार्ड दाखवलं आणि तिकीट मागितलं. मी दाखवलं. पैसे दिलेलं, कोरं करकरीत. त्याने उलटंसुलटं करून पाहिलं, शिक्का नाही. 60 युरो. मी त्याला मोडक्या जर्मनमध्ये सांगितलं की मी चोर नाही. तो म्हणाला, तसं मी म्हटलंच नाही, आणि पावती फाडली. डब्यातलं कुणी माझ्याकडे बघितलं नाही, सगळे खिडकीबाहेर बघत होते. ते जास्त लागलं. घरी येऊन मी तो दंड हिशोबाच्या वहीत 'औषध' म्हणून लिहिला. (इथून वाच.)

बापूकाका हे ऐकून म्हणतील, जर्मन लोक भोळे. भोळे नाहीत. महिन्यातून एक-दोनदाच साध्या कपड्यातला माणूस येतो, पण कधी येईल ते माहीत नसतं. माझ्याकडे आता महिन्याचा पास आहे. 2023 मध्ये तो 49 युरोला निघाला, 2025 मध्ये 58 झाला. त्यात देशभरातल्या लोकल, बस, ट्राम आणि हळू गाड्या चालतात, जलद गाड्या नाहीत. शिक्का मारावा लागत नाही. तरी त्या पेटीजवळून जाताना माझा हात खिशात जातोच. सिंगापुरात उलट. तिथे फाटक आहे, बँकेचं कार्डच टेकवलं की उघडतं, आणि गाडीत खाल्लं-प्यायलं तर 500 डॉलर दंडाची पाटी. तिथे फणसासारखं एक वासाचं फळ मिळतं, तेही गाडीत न्यायचं नाही. जिजी तिथे दोन स्टेशनंसुद्धा टिकणार नाही.

आता मुंबईचं. मी हे मागे ढकलत होते.

विमान दुपारी उतरलं तेव्हा फोनवर छोटूचे फोटो आले होते. निंबाला बांधलेला झोका, गौराई, खापरावरची पुरणपोळी, आमरस. आपल्याकडे लेकी आखाजीला माहेरी येतात, आणि मी माहेरच्या राज्यात येऊन काचेच्या आत बसले होते. पाच तास. मोठी बॅग परस्पर सिंगापूरला जाणार होती. भुसावळ तिथून रेल्वेने सात तास.

सांगितलं असतं तर काय झालं असतं ते मला माहीत आहे, आप्पा. मागच्या खेपेला तुम्ही रात्रीच्या गाडीने निघून आलात, हातात भरीत-पुरीचा डबा आणि पिशवीत कळण्याचं पीठ. तिकिटाशिवाय आत सोडत नाहीत, तर दीड तास बाहेरच्या लोखंडी कठड्याशी उभे होतात. मी बाहेर आले तेव्हा तुम्ही मला आधी बघितलं नव्हतं, दुसरीकडेच बघत होतात. यंदा सालदार, वर्षभराचा गडी, नवीन, आखाजीलाच त्याचं साल ठरवायचं, मजूर मिळत नाहीत, आणि तरी तुम्ही आला असतात. मी आत, तुम्ही बाहेर.

खरं लिहायचं तर बाहेर येता आलं असतं. मी काउंटरवरच्या बाईंना विचारलं होतं. त्या म्हणाल्या, पासपोर्ट भारताचाच आहे ना, मग शिक्का मारून जा, पण तीन तास आधी परत या. म्हणजे जाण्यायेण्याच्या रांगा धरून हातात तासभर. मी लाउंजमध्ये परत जाऊन बसले. नंतर फोटो काढला. का काढला ते विचारू नका.

पैशाचं. शुक्रवारी 90 हजार पाठवलेत, बँकेत सोमवारी-मंगळवारी दिसतील. ते जूनच्या मृगबागेत लावायच्या केळीच्या रोपांसाठी आहेत. सोसायटीच्या कर्जाच्या हप्त्यात घालू नका, त्याचं मी दिवाळीत बघते. मागच्या वर्षी थंडीचा चरका बसला तेव्हा तुम्ही मला "थोडंफार" म्हणालात आणि केळीची अर्धी कांदेबाग गेल्याचं छोटूने मला श्रावणात सांगितलं. तेव्हा लपवण्याच्या बाबतीत आपण बरोबरीत आहोत असं मी समजते. माझ्या शिक्षणाच्या कर्जाचे सात हप्ते उरलेत. ते फिटले की सातबाऱ्यावरचा बोजा उतरवायचा अर्ज तुम्ही स्वतः जाऊन द्या, छोटूला पाठवू नका.

इथे केळी इक्वाडोर-कोलंबियाची मिळतात. एकसारखी, पिवळीजर्द, चवीला काही नाही. मी घेते, रोज एक खाते.

आणि आई, ते पुण्याचं स्थळ. मेळाव्याच्या पुस्तिकेतला फोटो पाहिला. मुलगा चांगला दिसतो, मी नाही म्हणत नाहीये. दोनदा त्याचा नंबर काढला, पण तेव्हा तिकडे मध्यरात्र होती. या शनिवारी करते. त्यांच्या घरी "मुलगी कामात असते" असं सांग, "विमानात असते" असं सांगू नको. इकडचं सोडून येणार का, असं ते विचारतील. मलाही विचारायचं असतं, पण कुणाला विचारू ते कळत नाही. जिजी म्हणाली होती ना, "कुठी जाऊ राह्यली वं, घर इथी शे." तेव्हा सगळे हसलो होतो.

दिवाळीला येते. तिकीट अजून काढलं नाही, पण सुट्टी मांडून ठेवली आहे. या खेपेला साध्या वर्गाने, आणि मुंबईला उतरल्यावर फोन करीन. तुम्ही घ्यायला येऊ नका. भुसावळला या.

तुमची लाडकी

ता. क. दिवाळीसाठी आत्तापासून डबे भरू नकोस. तूप आणि पेढे इकडे आणता येत नाहीत, बाहेरून दुधाचं काही आणायला बंदी आहे. सुकं खोबरं तर मुंबईलाच बॅगेतून काढतात, तेलामुळे पेट घेतं म्हणून. काळा मसाला मात्र चालेल, तो जरा जास्त दे. विमानात एक पिशवी मिळाली होती, तिच्यात मोजे आहेत. जळगावची एक मैत्रीण जूनमध्ये येतेय, तिच्याबरोबर जिजीसाठी पाठवते. राखाडी आहेत. लाल नव्हते.