संपूर्ण अल्बम ऐकणाऱ्यांसाठी पुरवणीत थोडी जागा हवी

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत पुस्तके, नाटके आणि चित्रपट यांना नियमित जागा मिळते. ध्वनिमुद्रित संगीताला मात्र एखाद्या कलावंताचे निधन झाले किंवा शहरात एखादा मोठा परदेशी बँड आला, तरच ती मिळते. वाचक घरी, प्रवासात, रात्री दिवा मालवल्यावर काय ऐकतात, हे त्यांना एकमेकांना सांगता यावे म्हणून आपण एक छोटे सदर सुरू करावे, अशी विनंती करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

निवृत्तीनंतर गेले काही महिने मी दर शनिवारी सकाळी एक जुना रॉक अल्बम पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत, क्रम न बदलता ऐकते. यातले बहुतेक अल्बम मी १९८० च्या दशकात, महाविद्यालयात असताना, कॅसेटवर ऐकले होते. आमच्या इमारतीतल्या एका काकांकडे रेकॉर्ड प्लेअर होता आणि ते आम्हा मुलांना नव्वद मिनिटांच्या कोऱ्या कॅसेटवर रेकॉर्डिंग करून देत. कॅसेटची एक बाजू पंचेचाळीस मिनिटांची. पिंक फ्लॉइड या ब्रिटिश बँडचा १९७३ चा ‘द डार्क साइड ऑफ द मून’ सुमारे त्रेचाळीस मिनिटांचा असल्यामुळे तो एका बाजूत पूर्ण मावत असे. बीटल्स या बँडचा १९६९ चा ‘ॲबी रोड’ सत्तेचाळीस मिनिटांचा. तो मावत नसे. काका दुसऱ्या बाजूवर दुसरा अल्बम भरत, त्यामुळे माझा ‘ॲबी रोड’ शेवटाकडे, रिंगो स्टारचे ड्रम्स सुरू होता होताच, तुटत असे. त्यानंतर पॉल मॅकार्टनी, जॉर्ज हॅरिसन आणि जॉन लेनन हे बँडमधले उरलेले तिघे याच क्रमाने, थोडे थोडे, आळीपाळीने गिटार वाजवतात, हे मला कित्येक वर्षे ठाऊकच नव्हते. पुढे काळा घोड्याच्या र्‍हिदम हाऊसमधून मी त्याची सीडी घेतली, तेव्हा तो शेवट प्रथम ऐकला. तीन मित्र विभक्त होण्याआधी एकमेकांना उत्तरे देत आहेत असे ते वादन त्या दिवशी वाटले आणि आजही तसेच वाटते.

त्याच अल्बमची पहिली बाजू ज्या गाण्याने संपते, ते जवळजवळ आठ मिनिटे दाटत जाते आणि ऐन भरात असताना एकाएकी थांबते. कॅसेटवर मला तो रेकॉर्डिंगचा दोष वाटला होता. प्रत्यक्षात टेप मुद्दामच तेथे कापलेली आहे. तबकडी ऐकणाऱ्याला त्यानंतर उठून ती उलटावी लागे, त्या शांततेतून मग हॅरिसनची उन्हासारखी हलकी गिटार सुरू होई. ते गाणे, ‘हिअर कम्स द सन’, हॅरिसनने १९६९ च्या वसंतात, गिटारवादक एरिक क्लॅप्टनच्या बागेत बसून रचले होते. आज हे गाणे सुटे ऐकणारे पुष्कळ आहेत, पण आधीचा अंधार आणि मधली शांतता यांच्याशिवाय ते निम्मेच पोहोचते, असे माझे मत आहे. पुढच्या गाण्यांच्या मालिकेत तर एक गाणे दुसऱ्यात मिसळलेले असल्याने ॲपवर गाण्यांचा क्रम उलटसुलट करणारे शफल लावले की ती वाक्याच्या मध्येच तोडल्यासारखी वाटतात.

आपल्याकडच्या श्रोत्याला हे समजावून सांगावे लागू नये. मैफलीची सुरुवात भैरवीने करा, असे कोणी म्हणत नाही. ‘गीतरामायणा’तली छप्पन्न गीते सुटी सुटी आवडली, तरी १९५५ च्या रामनवमीपासून ती पुणे आकाशवाणीवरून आठवड्यामागून आठवडा क्रमाने ऐकणाऱ्या घरांना जे मिळाले, ते त्या क्रमामुळेच मिळाले. क्रमाची ही जाण आपण रॉक संगीताच्या बाबतीतही वापरावी, एवढेच माझे म्हणणे आहे.

ऐकलेले दुसऱ्याला सांगण्याचे मोल मला माझ्या वडिलांमुळे कळले. ते भजनी मंडळात तबल्याची साथ करीत आणि इंग्रजी गाण्यांशी त्यांचा काहीही संबंध नव्हता. ‘द डार्क साइड ऑफ द मून’च्या दुसऱ्या बाजूचे पहिले गाणे, नाण्यांच्या आणि गल्ल्याच्या आवाजांनी सुरू होणारे, घरात वाजत असताना ते बोटांवर मोजत म्हणाले, “अगं, ह्या तर सात मात्रा आहेत. रूपकासारख्या.” सॅक्सोफोनपर्यंत ते सातच मोजत होते, गिटारची पाळी येताच मान हलवून म्हणाले, “आता चाराचा हिशेब झाला.” दोन्ही गोष्टी अगदी खऱ्या होत्या आणि शंभर वेळा ऐकूनही माझ्या त्या ध्यानात आल्या नव्हत्या. आता प्रत्येकाच्या कानात आपापला हेडफोन असतो; शेजारी बसलेल्या माणसाने असे काही ऐकून सांगावे, अशी सोय उरलेली नाही.

या संगीताचा मुंबईशी असलेला संबंधही अशा सदरातून पुढे येईल. जानेवारी १९६८ मध्ये जॉर्ज हॅरिसनने येथील एचएमव्हीच्या स्टुडिओत भारतीय वादकांबरोबर ध्वनिमुद्रण केले होते. लेड झेपलिन या ब्रिटिश रॉक बँडचे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट यांनी १९७२ मध्ये मुंबईतल्या वादकांना घेऊन आपली दोन गाणी नव्याने वाजवून पाहिली. ती ध्वनिमुद्रणे अधिकृतपणे प्रसिद्ध व्हायला २०१५ साल उजाडले. त्यांतले ‘फोर स्टिक्स’ हे गाणे मूळ बँडच्या चौथ्या अल्बममधले आहे आणि तेथे ड्रमवादक जॉन बॉनहॅमने ते दोन्ही हातांत दोन दोन काठ्या धरून वाजवले आहे. मुंबईची आवृत्ती त्याच्या पाठोपाठ ऐकून पाहावी, ठेका आपल्या वादकांच्या हाती गेल्यावर किती निराळा चालतो ते लगेच कळते. या शहरातून मी हजारदा हिंडले असेन, पण येथे असे काही घडून गेले आहे, हे मला कोणी सांगितले नव्हते.

सदर मोठे नको. वाचकाने शंभर-सव्वाशे शब्दांत एक अल्बम, तो कोणत्या परिस्थितीत पूर्ण ऐकला, आणि त्यात यापूर्वी न ऐकलेले काय सापडले, एवढे लिहावे. गुण देऊ नयेत, श्रेष्ठ-कनिष्ठ यादी करू नये. अल्बम रॉकचाच असावा असेही नाही. लोकलच्या प्रवासात ऐकणाऱ्यांचे लेखन मला विशेष वाचायला आवडेल, कारण विलेपार्ल्याहून चर्चगेटला धिम्या गाडीने जाईपर्यंत एक जुना अल्बम जवळपास पुरा होतो, हे मी नोकरीच्या काळात अनुभवले आहे.

माझी नोंद या पत्रातच देते. सध्या मी पिंक फ्लॉइडचा गिटारवादक डेव्हिड गिल्मूर याचा २०२४ चा ‘लक अँड स्ट्रेंज’ ऐकते आहे. त्याच्या शीर्षकगीतात पिंक फ्लॉइडचे रिचर्ड राइट यांचे २००७ मध्ये ध्वनिमुद्रित झालेले कीबोर्ड आहेत. राइट पुढच्याच वर्षी गेले. याच अल्बममध्ये गिल्मूरची मुलगी रोमनी एक गाणे गाते. पहिल्यांदा ऐकताना मला राइट यांचे वादन वेगळे ओळखता आले नव्हते. तिसऱ्या शनिवारी, खिडकी बंद करून, एकटीने ऐकल्यावर ते ओळखता आले. पुढच्या आठवड्यात दिल्लीच्या इंडियन ओशन या बँडचा २००० सालचा ‘कंदिसा’ लावणार आहे, आणि तो ऐकताना शेजारच्या घरातली, बारावीत शिकणारी मुलगी माझ्याबरोबर बसणार आहे. तिने तिच्या आवडीचा एक अल्बम मला त्यानंतर पूर्ण ऐकवायचा, असे आमचे ठरले आहे.

आपली विश्वासू,
एक नियमित वाचक,
विलेपार्ले (पूर्व), मुंबई