व्हॅल्यू उतरली म्हणजे माल खोटा नव्हे

महोदय,

विज्ञान पुरवणीतल्या सिरॅमिक कपॅसिटरच्या (विद्युतभार साठवणाऱ्या चिमुकल्या भागाच्या) 'एजिंग'वरील, म्हणजे वयाबरोबर व्हॅल्यू उतरण्यावरील, लेखात दोन गल्लती झाल्या आहेत.

जुन्या नगाची व्हॅल्यू (धारकता) कमी भरते ती त्यातली दुर्मीळ मृदा 'निघून गेल्याने', असे लेखात सुचवले आहे. डिस्प्रोशियम वा होल्मियम ही दुर्मीळ मृदा मूलद्रव्ये भट्टीतच बेरियम टायटनेटच्या, म्हणजे कपॅसिटरच्या मूळ सिरॅमिकच्या, स्फटिकजाळ्यात बसतात. डब्यात पडून कुठे जाणार? व्हॅल्यू उतरते ती आतले डोमेन (स्फटिकातले एकाच दिशेने ध्रुवीकृत असलेले भाग) स्थिरावल्यामुळे. एक्स७आर या प्रचलित सिरॅमिक प्रकारात वेळ दहापट झाला की साधारण २ टक्के घट. १०० नॅनोफॅरडचा जो नग १००० तासांना ९२ भरतो, तो लाख तासांनी, म्हणजे साडेअकरा वर्षांनी, ८८ वर येऊन ±१० टक्क्यांच्या ठरल्या मर्यादेबाहेर पडतो. मग मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातला जुना स्टॉक उगाच 'डुप्लिकेट' ठरतो.

तापवल्याने डोमेन पुन्हा मोकळे होऊन उतरलेली व्हॅल्यू परतते. म्हणून खात्री करायची तर पाच-सहा नग पॅकिंगच्या पट्टीतून सुटे काढून ओव्हनमध्ये १५० अंशांवर तासभर ठेवावेत आणि २४ तासांनी १ किलोहर्ट्झ, १ व्होल्टवर मोजावेत. काढल्या काढल्या मोजले तर आकडा फुगलेला येतो, सोल्डरिंगनंतरही तेच. हीटगन नको, एका बाजूने तापून तडा जातो. आख्खी रील तर भाजूच नये: पट्टी वाकते, टोकांवरचे कथील खराब होऊन सोल्डर धरत नाही.

दुसरी गल्लत ईएसआरची: या एकाच लघुरूपाच्या दोन निराळ्या गोष्टींची सरमिसळ. दुरुस्तीवाल्यांचा ईएसआर म्हणजे कपॅसिटरचा अंतर्गत रोध, मिलिओहममध्ये. दुसरा ईएसआर म्हणजे इलेक्ट्रॉन स्पिन रेझोनन्स, पदार्थातले एकटे इलेक्ट्रॉन चुंबकीय क्षेत्रात ओळखण्याची पद्धत. तिचे यंत्रच निराळे: साधारण ९.५ गिगाहर्ट्झ, ३४०० गाउसच्या आसपास. त्यात डिस्प्रोशियम खोलीच्या तापमानाला दिसत नाही, द्रव हेलियमची थंडी लागते. यट्रियम या दुसऱ्या मूलद्रव्याचा तर सिग्नलच येत नाही. वाचायचे ते सोबत घातलेले मँगनीज: त्याच्या द्विधन (दोन धनभारांच्या) आयनाच्या सहा रेषा, ऑक्सिडेशन झाले की फिक्या पडणाऱ्या. ओव्हनने न परतणारे म्हातारपण ऑक्सिजनच्या रिकाम्या जागांचे असते. डीसी व्होल्टेजखाली त्या कॅथोडकडे सरकतात, गळती वाढते. दुर्मीळ मृदा घालतात ती त्यांना आवरायला.

या स्पिन रेझोनन्ससाठी नमुना क्वार्ट्झच्या नळीतच घ्यावा. साध्या काचेतले लोह जी ४.३ ला (जी म्हणजे रेषेची जागा सांगणारा आकडा) आपलीच रेषा उमटवते. आणि आख्खा कपॅसिटर नळीत टाकू नये. निकेल इलेक्ट्रोडचा रुंद सिग्नल बाकी सगळे झाकून टाकतो, इलेक्ट्रोडविना भाजलेल्या सिरॅमिकची भुकटीच हवी.

— एक वाचक, पुणे