डिझेलला देणगीदार मिळत नाही

मुरुड, ता. दापोली
8 जून 2025

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

फोनवर तू विचारलंस, आईच्या नावाने गावच्या मंडळाला काहीतरी मोठं द्यायचंय, रुग्णवाहिकाच घेऊन टाकू का? मी तेव्हा 'बघू, कळवतो' म्हणालो. खरं उत्तर 'नको' असं होतं, पण काकींच्या नावाने तू काही द्यायला निघालास आणि मी दोन वाक्यांत नाही म्हणायचं, हे मला जमेना. म्हणून बसून लिहितोय. जरा लांबण लागेल, पण निवांत वाच, आणि वहिनींनाही वाचायला दे.

आधी आपल्या मंडळाचे पैसे येतात कुठून ते सांगतो. तू मुंबईला वर्गणी भरतोस, तेवढी बाजू तुला माहीत आहे. घरटी वर्गणी, गणपतीत आणि शिमग्यात होणारी वसुली, आणि वर्षाआड परळ-दादरकडे एखाद्या नाट्यगृहात नमनाचा, म्हणजे आपल्याकडच्या लोकनाट्याचा, प्रयोग. प्रयोगाच्या तिकिटांपेक्षा स्मरणिकेतल्या जाहिराती जास्त पैसे देतात, हे तुझ्यासारख्या दारोदार फिरून जाहिराती आणणाऱ्याला मी काय सांगणार! हा मार्ग आपल्या भागाला नवा नाही. महर्षी कर्वे मुंबईत शिकवण्या करत होते तेव्हा त्यांनी आपल्याच गावकऱ्यांकडून थोडे थोडे पैसे जमवून मुरुड फंड उभा केला होता. पुढे हिंगण्याच्या आश्रमासाठी भाऊबीज म्हणून घरोघरी छोट्या छोट्या रकमा गोळा होत, त्यामागेही तोच विचार होता. एका धनिकाच्या मोठ्या रकमेपेक्षा हजार घरांतून येणाऱ्या लहान रकमेवर संस्था जास्त वर्षं तगते, असं मी खजिनदार झाल्यापासून रोज बघतोय.

गावातून येणारा पैसा वेगळ्या वाटांनी येतो. मे महिन्यात पोरं आंब्याच्या पेट्यांच्या ऑर्डरी घेतात, पेटीमागे सुटणारे पैसे मंडळाला. काही घरांनी दोन-तीन माडांचं उत्पन्न मंडळाच्या नावाने सोडलंय. वरच्या आळीतल्या मावशी आठवतात ना? मुलगा नाही, जमीन थोडी, पण कुंपणालगतचे दोन माड त्यांनी मंडळाला दिलेत. नारळ उतरवणारा पाडेली आला की त्या काठी टेकत खळ्यात येऊन बसतात, नारळ खाली पडले की स्वतः मोजतात, फुटलेला असला तर बाजूला काढून घरात घेतात आणि त्याच्या बदल्यात आपल्या माडाचा चांगला नारळ मंडळाच्या ढिगात टाकतात. पाडेल्याची मजुरीही मंडळाच्या वाट्यातून कापू देत नाहीत. व्यापारी रक्कम देतो ती मी त्यांच्यासमोर वहीत लिहितो आणि पावती फाडतो. ती पावती त्या देव्हाऱ्यात ठेवतात. मंडळाच्या ताळेबंदात ही जमा अगदी शेवटच्या ओळींत येते, पण हिशेब लिहिताना माझा हात सगळ्यात जपून चालतो तो त्या ओळीवर.

मग मोठा पैसा. 2014 पासून कंपन्यांना कायद्यानेच सामाजिक कामावर खर्च करावा लागतो; ज्यांचा नफा किंवा उलाढाल ठरलेल्या मर्यादेच्या वर आहे, त्यांनी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान 2 टक्के. याला सगळे सीएसआर म्हणतात. त्यातून आपल्यासारख्या मंडळालाही मिळू शकतं, मिळालंही. पण तो पैसा प्रकल्पाला बांधलेला असतो. अर्ज करताना जे लिहिलं तेच घ्यायचं, फलक लावायचा, फोटो पाठवायचे, मार्चच्या आत संपवायचं. एका कंपनीने शाळेला संगणक दिले. छान दिले, मुलं हरखली. दुसऱ्या वर्षी बॅटऱ्या गेल्या, आणि त्या बदलायला कुठल्याच खात्यात पैसा नाही, कारण 'देखभाल' हा शब्द मंजुरीपत्रात नव्हता. शेवटी मुंबईकरांच्या वर्गणीतूनच बॅटऱ्या आणल्या.

हे सगळं एवढ्यासाठी सांगतोय की मंडळाला वस्तू मिळतात, आणि ती वस्तू चालवायला लागणारा पैसा मिळत नाही. डायलिसिसची गाडी घे. आपल्या चार-पाच गावांतल्या रुग्णांना आठवड्यातून दोनदा, काहींना तीनदा शहरात जावं लागतं. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत डायलिसिस फुकट होतं, ही फार मोठी सोय आहे. पण मशीनवर चार तास, जाण्यायेण्याचे तास वेगळे, घाटाचा रस्ता, आणि परतताना माणूस इतका गळलेला असतो की एसटीत उभं राहणं शक्य नाही. सोबत घरातलं एक माणूस, म्हणजे त्याचीही मजुरी बुडाली. उपचार फुकट असूनही भाड्यापायी लोक फेऱ्या चुकवायला लागले होते, आणि डायलिसिसची फेरी चुकवणं म्हणजे काय ते तुला सांगायला नको. मंडळ यासाठी जीप भाड्याने घेतं. ती जीप जुनी आहे, पण उत्तम चालते. तिला लागतं डिझेल, ड्रायव्हरचा रोज आणि पावसाळ्याआधी टायर. तू नवीकोरी रुग्णवाहिका दिलीस तर तिला हेच सगळं लागेल, वर विमा, दोन ड्रायव्हर आणि शेड. पहिल्या वर्षी हार घालायला सगळे येतील. तिसऱ्या वर्षी ती काकींचं नाव अंगावर घेऊन माझ्या पडवीसमोर उभी राहील, आणि ते मला बघवणार नाही.

आता मला सगळ्यात मोलाचं वाटणारं काम सांगतो. आपल्याकडे किती घरांत नुसती म्हातारी माणसं उरलीत ते तू गणपतीत बघतोसच. मंडळाने दोन वर्षांपूर्वी खालच्या वाडीतली एक बाई कामाला ठेवली. बारावी शिकलेली, बोलायला गोड आणि सरकारी कागदाला न घाबरणारी. ती घरोघर जाते, रक्तदाब बघते, गोळ्यांची पाकिटं पाहून सकाळच्या-रात्रीच्या वेगळ्या करून देते. पण तिचं खरं काम कागदांचं. श्रावणबाळ योजनेचे, संजय गांधी निराधार योजनेचे महिन्याला 1500 रुपये मिळतात. आता ते थेट आधार जोडलेल्या खात्यात येतात. ज्या म्हातारीच्या बोटांचे ठसे उमटत नाहीत, जिचा मोबाईल नंबर मुलाच्या जुन्या सिमचा आहे, तिचे पैसे अडकतात आणि का अडकले हे तिला कोणी सांगत नाही. ही बाई अशांना रिक्षात घालून बँकेत नेते, तलाठ्याकडे नेते, हयातीचा दाखला काढून देते. एका आजींचे थकलेले पैसे सुरू झाले त्या दिवशी आजींनी तिला चहाबरोबर भाकरी खायला लावली, जेवायची वेळ नसताना.

हिशेब तूच कर, आयुष्यभर बँकेत काढलंस. एका बाईच्या पगारातून कितीतरी घरांत महिन्याला 1500 रुपये सुरू होतात, आणि सुरू राहतात. आमच्या मंडळाचा दुसरा कुठलाच रुपया एवढं काम करत नाही. तरीही पगारासाठी देणगी द्या म्हटलं की समोरचा हात आखडता घेतो. 'पगारावर खर्च करता?' असा प्रश्न मी इतक्यांदा ऐकलाय की राग येतो. त्या बाईचा पगार हाच तो कार्यक्रम आहे! तो काढून घेतला तर मागे फक्त रक्तदाबाचं यंत्र उरतं.

हातात मोकळा पैसा असला की काय होतं ते आपण निसर्ग वादळात पाहिलं. 3 जून 2020, लॉकडाऊन चालू, रस्त्यांवर झाडं आडवी, पत्रे आणि कौलं उडालेली, पोफळी मोडून पडलेल्या, आणि वीज आठवडेच्या आठवडे नाही. मदतीचे ट्रक यायला वेळ लागला. पण मुंबईकरांच्या वर्गणीची शिल्लक खात्यात होती आणि ती कशावर खर्चायची हे कोणी बांधून ठेवलेलं नव्हतं. त्या पैशातून करवतवाले बोलावले, जनरेटर भाड्याने आणून घरोघरी टाक्या भरून दिल्या, फोन चार्ज करून दिले. आधी कोणाला मंजुरी मागत बसलो असतो तर पहिला आठवडा कोरडा गेला असता. पुढच्या वर्षी 22 जुलैला चिपळूण बुडालं तेव्हा कपड्यांचे ढीग किती आले ते तूही पाहिलंस. लोकांना हवे होते चिखल काढायला पंप आणि माणसं.

आणि यंदाचं वर्ष कठीण आहे. पावसाने मे महिन्यातच गाठलं. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असतेच, पण हर्णैच्या कितीतरी बोटी त्याआधीच किनाऱ्याला लागल्या. बोट पावसाळ्यासाठी झाकून शाकारली की खलाशाची कमाई थांबली, आणि टोपली घेऊन बसणाऱ्या बायकांनाही विकायला मासळी नाही. त्यात आगोटीची, म्हणजे पावसाळ्यासाठी साठवायची, मासळी वाळवायला ऊनच मिळालं नाही. नेमकी याच दिवसांत शाळा उघडते. मंडळाचा शिधा यंदा जास्त घरांत द्यावा लागणार. तांदूळ, डाळ, तेल एवढं दुकानदाराकडून उधारीवर उचललंय. काकी सुक्या जवळ्याचं एक माप शेजारच्या घरासाठी वेगळं काढून ठेवायच्या आणि कोणाला कळू द्यायच्या नाहीत, ते मी विसरलेलो नाही. म्हणूनच त्यांच्या नावाचा पैसा कुठे जावा याबद्दल मी एवढा हट्ट धरतोय.

तर माझं म्हणणं असं. मोठी रक्कम द्यायचीच असेल तर ती कायम निधीत दे. तसं तुला लेखी द्यावं लागेल, 'कायम निधीसाठी' हे शब्द हवेतच. म्हणजे मुद्दल ठेवीत राहील आणि फक्त व्याज वापरता येईल. ते व्याज त्या बाईच्या पगाराला लावायचं, असं विश्वस्तांच्या सभेत ठराव करून घेऊ, आणि वहीत त्या ओळीपुढे काकींचं नाव लिहू. पण नुसत्या व्याजावर भरवसा ठेवू नकोस. 6 तारखेलाच रिझर्व्ह बँकेने रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या व्याजाने पैसे देते तो दर, अर्ध्या टक्क्याने उतरवून 5.50 टक्क्यांवर आणला. कर्जवाल्यांना बरं झालं. आमच्या ठेवी मात्र ऑक्टोबरमध्ये नूतनीकरणाला येतील तेव्हा व्याज कमी बसेल, आणि पगार तर कमी करता येणार नाही. म्हणून दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची: पेन्शनमधून दर महिन्याला झेपेल तेवढी रक्कम दे, आणि तिला कसलीही अट घालू नकोस. डिझेलला लागली तर डिझेलला, शिध्याला लागली तर शिध्याला, ऑडिटरच्या फीला लागली तर त्यालाही. लहान असली तरी चालेल, पण चुकवू नकोस. दर महिन्याला येणार हे ठाऊक असलं की मी जीपवाल्याशी वर्षाचा दर ठरवू शकतो, आणि तो पुष्कळ स्वस्त पडतो.

सोसायटीतल्या ज्या दोघांना तू तयार केलंस म्हणालास, त्यांनाही हेच सांग. 2,000 रुपयांच्या वरची रोख रक्कम 80जीला, म्हणजे देणगीवरच्या आयकर सवलतीला, चालत नाही, तेव्हा चेक किंवा ऑनलाइनच, आणि पॅन नंबर आठवणीने घे. त्याशिवाय मला वर्षअखेर 10बीडीत, म्हणजे आयकर खात्याला द्यायच्या देणगीदारांच्या विवरणात, नाव भरता येत नाही. यंदाचं काम 31 मेच्या आत उरकलं, तुझं प्रमाणपत्र ईमेलवर पाठवलंय. त्यांनी नवी करप्रणाली घेतली असेल तर 80जीची वजावट मिळणार नाही, हे आधीच स्पष्ट सांग. पावती हातात आल्यावर कळलं तर माणूस दुखावतो, आणि पुढच्या वर्षी फिरकत नाही.

एक अट मात्र तू जरूर घाल: हिशेब बघायची. यंदा 27 ऑगस्टला गणपती आहेत, तू दोन दिवस आधी ये. वह्या, बँकेची पासबुकं आणि लेखापरीक्षण अहवाल, सगळं समोर ठेवतो. एका सकाळी त्या बाईबरोबर वाडीत फिरून ये, एकदा जीपमधून रुग्णांबरोबर शहरात जाऊन ये. त्यानंतरही रुग्णवाहिकाच द्यावीशी वाटली, तर मी विश्वस्तांपुढे तुझा प्रस्ताव तुझ्या शब्दांत मांडेन.

तोवर जूनच्या शिध्याचं दुकानदाराचं बिल 20 तारखेला द्यायचंय. जमत असेल तर त्यातला काही भाग आधी पाठव. खातं तेच आहे, वर्गणीचं.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझाच,
भाऊ